किल्लारीला गेलेला ट्रक आणि आपला व्यापारीवर्ग

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. लालबाग-परळचे गणपती भायखळा, नागपाडा, दोन टाकी अशा आपल्या वस्त्यांतून गिरगाव चौपाटीकडे चालले होते. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगली आणि १२ मार्चचे बॉम्बस्फोट यांना अजून वर्षही झाले नव्हते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या अनेकांनी ती रात्र जागूनच काढली. रात्र सुखरूप सरत आली. त्यावेळचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी नंतर सांगितले आहे की, विसर्जनाची खबर घेऊन ते पहाटे अंथरुणाला पाठ टेकतात तोच घराच्या खिडक्या हादरल्या. त्यांनी विचारणा केली ती कोयनेला. महाराष्ट्रात भूकंप म्हणजे कोयना, असेच तेव्हा सर्वांच्या डोक्यात होते. आमच्या चिपळूण-खेडकडच्या वडीलधाऱ्या वाचकांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवत असेल. परंतु उत्तर निराळेच आले. धक्का लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा होता.

वेळ पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांची. तीव्रता सहाच्या थोडी वर. एवढे धक्के जगात दर वर्षी शंभरच्या वर बसतात आणि पुष्कळांची बातमीही होत नाही. इथे मात्र सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे गेली, सुमारे सोळा हजार जखमी झाली. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावे भुईसपाट झाली. कारण घरांत होते. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून घातलेले हात-दीड हात मातीचे माळवद. भिंतीचे दगड नुसते मातीत बसवलेले, आरपार जाणारा बांधदगड नाही. लाकडाचे खण बऱ्याच ठिकाणी उभे राहिले आणि भिंती तेवढ्या झोपलेल्या माणसांवर आल्या. विसर्जन उरकून लोक नुकतेच घरात येऊन निजले होते. त्या भागाला १९९२ पासून लहान धक्के बसत होते, पण देशाच्या भूकंप-नकाशात हा मुलूख पहिल्या पट्ट्यात, म्हणजे सर्वांत निर्धोक मानलेला होता. २००२ मध्ये नकाशा नव्याने काढला गेला तेव्हा तो पहिला पट्टाच रद्द झाला.

हा सर्व इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. व्यापाराच्या पानावर तो आज घेण्याचे कारण वेगळे आहे. या घटनेत आपल्या बाजारपेठांनी मदत म्हणून बरेच काही दिले. त्यातले काय उपयोगी पडले आणि काय वाया गेले, याचा हिशेब व्यापाऱ्यांनीच मांडला पाहिजे, कारण माल, वाहतूक आणि उधारी या तीन गोष्टी त्यांच्याइतक्या कोणाला कळत नाहीत.

मांडववाल्याचे म्हणणे

३० तारखेला दुपारपर्यंत दादरच्या बाजारात, गिरगावच्या चाळींत, परळच्या गिरण्यांच्या फाटकांवर डबे फिरू लागले. आमच्या मोहल्ल्यातही वर्गणी सुरू झाली. त्याच साली जानेवारीत आम्ही स्वतः मदत घेणाऱ्यांच्या रांगेत उभे होतो. कोणी तांदूळ आणून देत होते, कोणी चादरी. त्यामुळे देताना हात आखडला नाही, हे खरे. पण घेणाऱ्याला काय लागते हे नऊ महिन्यांपूर्वीच कळलेले असूनही आम्ही ते विसरलो, हेही तितकेच खरे. सर्वांत आधी जमले ते जुने कपडे.

लालबागच्या एका गणेश मंडळाशी आमच्या जमातीतल्या दोघा-तिघांचा धंद्याचा संबंध होता. दंगलीनंतर बोलणे जरा कमी झाले होते. त्या दिवशी त्यांनीच निरोप पाठवला की ट्रक एकच करू. मंडळाच्या मांडवातच गोणी भरायला सुरुवात झाली. मांडव उतरवण्यासाठी आलेला कंत्राटदार आमच्यातलाच, परळचा. तो थोडा वेळ कपड्यांच्या ढिगाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "हे राहू द्या. वर जे बांधलंय ते न्या."

वर ताडपत्री होती. आम्हा कोणालाच ते सुचले नव्हते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मुंबईत गल्लोगल्ली मांडव उतरतात. ताडपत्र्या, बांबू, काथ्या, दोर, सुतळी हे सर्व त्या एका दिवशी मोकळे होते आणि गोदामात जाऊन पडते. नवरात्राला अजून पंधरवडा होता. मराठवाड्यात परतीचा पाऊस होता आणि हजारो कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. शहरातल्या सगळ्या मांडववाल्यांना जर कोणी त्या दुपारी एकत्र बसवले असते, तर एका रात्रीत मुंबईहून निवाऱ्याची केवढी सामग्री निघाली असती! बसवले कोणी नाही. आमच्या मांडववाल्याने आपल्या तीस ताडपत्र्या, बांबू आणि काथ्याची भेंडोळी ट्रकात टाकली. जागा करण्यासाठी कपड्यांच्या काही गोणी उतरवाव्या लागल्या, त्यावरून थोडी वादावादीही झाली. ज्यांनी कपडे दिले होते त्यांना ते पोचलेले पाहायचे होते.

लातूरला तेव्हा रुंद रूळ नव्हते. बार्शी लाइटची ती जुनी छोटी गाडी कुर्डुवाडीहून जात असे, म्हणजे रेल्वेने माल पाठवायचा तर मध्ये उतरवून पुन्हा चढवायचा. म्हणून मुंबईचा बहुतेक माल ट्रकने सोलापूरवरून गेला. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, आणि तिथून किल्लारीच्या रस्त्याला. उमरग्यापुढे आमचा ट्रक तासन् तास अडकून पडला. मदतीचे ट्रक, लष्कराच्या गाड्या, रुग्णवाहिका, पुढाऱ्यांच्या मोटारी आणि चक्क बघायला आलेली माणसे, सगळी एकाच अरुंद रस्त्यावर. वरून पाऊस. दगडाखालून माणसे काढणाऱ्या जवानांचेही हाल त्या चिखलाने केले. खरे तर जी माणसे जिवंत निघाली त्यांतली बहुतेक पहिल्या काही तासांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच हाताने काढली होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल वगैरे तेव्हा नव्हते. तो कायदा २००५ चा आणि दल २००६ चे.

रस्त्याच्या कडेला चिखलात पडलेले कपडे आम्ही तिथे पाहिले. ते आमच्याआधी आलेल्यांचे. मुंबईचे झगमगीत सहावारी नायलॉन, विटलेल्या पँटी, पोरींचे फ्रॉक, झिप तुटलेल्या बॅगा. तिथल्या बायका नऊवारी लुगडे नेसणाऱ्या. अंगावरच्या एका लुगड्यानिशी बाहेर आलेल्या त्या बाईला ते कपडे कामाचे नव्हते आणि दुसऱ्याचे उतरलेले कपडे उचलायला तिचे मनही घेत नव्हते. काल-परवापर्यंत ती आपल्या घरची मालकीण होती. आमच्याकडे दारावर भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणारी बोहारीण येते. ती प्रत्येक कपडा उजेडात धरून पाहते, शिवण ओढून बघते, आणि निम्मे परत करते. ट्रक भरताना अशी एक बाई मांडवात बसवली असती तरी पुरे होते. कपड्यांचे असेच ढीग पुढे २००१ मध्ये कच्छच्या रस्त्यांवर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दिसले, म्हणजे शिकलो काहीच नाही.

ताडपत्र्या पाच मिनिटांत गेल्या. त्याबरोबर नागदेवी स्ट्रीटच्या एका हार्डवेअरवाल्याने दिलेल्या पहारी, फावडी आणि घमेली होती, तीही गेली. दगड उपसायला माणसे होती, हत्यारे नव्हती. मंगलदास मार्केटमधून आलेला मांजरपाटाचा अख्खा तागा एका वृद्ध गृहस्थाने काही न बोलता खांद्यावर घेतला. तो कशासाठी हे आम्हाला विचारावे लागले नाही. मांडववाला आणि त्याची दोन पोरे तिथेच राहिली. बांबू रोवून, काथ्या आवळून त्यांनी दोन दिवसांत कितीतरी कुटुंबांना आडोसा करून दिला. पावसात पाणी न साचता ताडपत्री कशी बांधायची हा त्यांचा रोजचाच धंदा. आम्ही बाकीचे सगळे कपड्यांच्या गोणी कोणी घेते का, ते विचारत फिरत होतो.

एका मणियाराची चोपडी

दुसऱ्या दिवशी एक मणियार भेटला. साठीचा असेल. गावोगावच्या बाजारात आणि जत्रांत बांगड्या भरायचा. काचेचा माल, त्यामुळे घराबरोबर सगळाच गेला. घरातले कोण गेले ते त्याने सांगितले, ते इथे लिहीत नाही. आम्ही तांदूळ, चादर, काय हवे ते विचारले. त्याने खिशातून भिजलेली लहान चोपडी काढली. मुंबईच्या एका घाऊक बांगडीवाल्याकडून त्याने गणपतीच्या हंगामासाठी माल उचलला होता, पैसे दिवाळीला द्यायचे ठरले होते. तो म्हणाला, "शेठला एवढं सांगा, मी पळालो नाही. पण ह्या दिवाळीला जमायचं नाही."

आम्ही मदतीचे एवढे बोललो, एवढे गोळा केले, आणि ही गोष्ट कोणाच्याच यादीत नव्हती. सरकारी पंचनाम्यात माणूस येतो, घर येते, जनावर येते, शेत येते. दुकानदाराची येणी आणि देणी येत नाहीत. आणि येणी-देणी हाच तर खेड्यातला व्यापार. किराणावाला, मणियार, तांबोळी, अत्तार, बागवान, सगळे सुगीवर उधार देतात आणि वरच्या पेठेतून उधार उचलतात. ज्या गावात शेकडो माणसे एका पहाटे जातात तिथे त्याची येणी मातीखाली जातात. कोणाकडे मागणार? चोपडीत नाव आहे, पण घर नाही, माणूस नाही. मात्र त्याची स्वतःची देणी लातूरच्या, सोलापूरच्या, मुंबईच्या वहीत जशीच्या तशी शाबूत असतात. तिथे भूकंप झालेला नसतो.

मणियाराचा तर धंदाच असा की त्या वर्षी त्या गावांत बांगडी भरायला हात पुढे करणाऱ्या बायका किती उरल्या असतील, हा विचार आम्हाला परतीच्या वाटेवर सुचला आणि मग कोणी फारसे बोलले नाही.

चोपडीतला हिशेब आम्ही उतरवून घेतला आणि मुंबईत आल्यावर त्या घाऊक व्यापाऱ्याच्या दुकानी गेलो. वसुलीला कडक म्हणून त्याची ख्याती. त्याने वही काढली, खाते पाहिले, आणि आमच्यासमोर त्या खात्यावर रेघ न मारता समोर फक्त 'थांबवले' असे लिहिले. माफ का करत नाही, असे आमच्यातल्या एकाने विचारले. तो म्हणाला, माफ केले तर तो पुन्हा या दुकानात पाय ठेवणार नाही, लाजेल. थांबवले तर परत येईल. वर त्याने प्लॅस्टिकच्या बांगड्यांचे दोन खोके त्याच खात्यावर पाठवायला दिले. प्लॅस्टिकच्या का, तर पत्र्याच्या शेडमध्ये काच टिकणार नाही आणि खेळणी म्हणून पोरी तरी घेतील. हा हिशेब आम्हाला कधी जमला नसता. ते खाते तीन वर्षांनी चुकते झाल्याचे त्यानेच पुढे सांगितले.

आमच्या मते भूकंपग्रस्तांसाठी व्यापाऱ्याने करायची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची मदत हीच: आपल्या वहीत त्या तालुक्यातली खाती कोणती ते बघणे, तगादा थांबवल्याचे आपणहून कळवणे, आणि थोडा नवा माल त्याच विश्वासावर देणे. यासाठी ट्रक लागत नाही. निधीतून बिनव्याजी उसनवारी देणाऱ्या आपल्या जमाती व संस्था आहेत, त्यांनीही पहिला आठवडा सरल्यावर शिधा वाटण्यापेक्षा इकडे बघावे. फुकट धान्याचे ट्रक महिनोन् महिने येत राहिले तर त्या भागात जो एखादा किराणावाला उभा राहू पाहतो त्याचे गिऱ्हाईक आपणच तोडतो. धान्य द्यायचेच असेल तर रोख घेऊन जावे आणि ते उमरग्याच्या, लातूरच्या बाजारात खरेदी करावे. लातूर ही तूरडाळीची केवढी मोठी पेठ! तिथे मुंबईहून डाळ नेणे हा प्रकार आम्ही स्वतः केला आहे. त्याची आज लाज वाटते.

घराचे माप

किल्लारीच्या पुनर्वसनाबद्दल सरकारला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांत सरसकट सामील होणार नाही. तेव्हाचे लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी आणि त्यांच्याबरोबरची मंडळी यांनी पहिल्या दिवसांत उपसलेले कष्ट लोकांनी पाहिले आहेत. जागतिक बँकेच्या कर्जावर १९९४ पासून जो कार्यक्रम राबवला गेला तो त्या काळी देशातला या प्रकारचा सर्वांत मोठा. पूर्ण पडलेली ५२ गावे नव्या जागी वसवली. अनेक गावे देणगीदार संस्थांनी बांधून दिली. याशिवाय तेरा जिल्ह्यांत भेगा पडलेल्या लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीसाठी घरमालकाच्याच हातात हप्त्याहप्त्याने मदत दिली, घरामागे १७,००० रुपये.  गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमून त्यांच्याकडून देखरेख करून घेतली. गवंड्यांना शिकवले: भिंतीत बांधदगड घाला, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदाची माती उतरवा. हे दुरुस्तीचे काम स्थानिक गवंड्यांच्या हातून झाले, पैसा गावात राहिला. आम्हाला विचाराल तर संपूर्ण कार्यक्रमातला हा भाग सर्वांत सरस.

पण नव्या गावांत घर किती मोठे द्यायचे याचे माप काय ठरले? जमीन. ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे त्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. त्यावर ज्याची जमीन, त्याला ७५० चौरस फूट.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हे माप समजू शकते. कारागिराचे काय? लोहार, सुतार, पिंजारी, शिंपी, मणियार, तांबोळी यांना जमीन नसते किंवा तुकडा असतो. त्यांची मिळकत पडवीत आणि ओट्यावर असते. जुन्या वाड्यात ओसरीवर शिलाई मशीन होते, मागे भाता होता, कापूस पिंजायला खोली होती. तो सगळा कारखाना आणि संसार २५० चौरस फुटांत कसा बसायचा? नियमाच्या कागदावर हे सगळे भूमिहीन. ज्याच्या हाताखाली चार माणसे काम करत होती तोही भूमिहीनच. धारावीत किंवा मदनपुऱ्यात माळ्यावर झोपून खाली माग, मशीन चालवणाऱ्या आमच्या वाचकांना २५० फूट फार वाटेल, हे आम्ही जाणतो. पण खेड्यातला कारागीर गिऱ्हाइकाला ओट्यावर बसवतो, आणि इथे ओटाच मापातून गेला.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. नवी गावे शहराच्या कॉलनीसारखी आखली, सरळ रुंद रस्ते, एकामागे एक रांगा. भिंत पडली तर अंगावर येऊ नये म्हणून मोकळी जागा सोडली, ते बरोबरच. परंतु गाव कित्येक पटींनी पसरले. जुन्या गल्लीत दुकानापुढून येता-जाता जे गिऱ्हाईक होत होते ते तुटले. कोणाला कोणते घर हे ठरताना शेजार मोडला. पेठ ही आखून होत नाही हे कोणत्याही भेंडीबाजारवाल्याला विचारा. पुढे लोकांनी आपल्या आपण घराच्या पुढे पत्रे टाकून दुकाने काढलीच. पण त्याआधी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ष-दोन वर्षे, काहींची त्याहूनही जास्त गेली, आणि त्या काळात पुष्कळ हात मजुरीला लागले. ज्याने एकदा भाता मोडीत घातला तो पुन्हा लोहारकामाकडे वळणे अवघड.

या बाबतीत कच्छमध्ये थोडे पुढचे पाऊल पडले. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास झालेला तो भूकंप मुंबईतही चांगलाच जाणवला होता. दादरचे कच्छी धान्यवाले असोत की मांडवी-मोहम्मद अली रोडचे कच्छी मेमन, खोजा, बोहरा, गाव सगळ्यांचेच तिकडे. तिथे गुजरात सरकारने घरांबरोबर दुकानदार, लहान उद्योग आणि हस्तकारागीर यांच्यासाठी वेगळी मदत जाहीर केली, हत्यारांसाठी मदत हा त्यातला एक भाग. धमडका गावच्या अजरख छपाई करणाऱ्या खत्री मंडळींची गोष्ट तर आपल्या प्रत्येक कारागिराला ठाऊक असावी. अजरखला पाणी लागते, तेही चांगले. धमडक्याचे पाणी रंगाला पूर्वीसारखे राहिले नाही, तेव्हा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी भुजजवळ जमीन घेऊन अजरखपूर नावाचे नवे गाव वसवले. जागा निवडताना आधी पाणी पाहिले आणि मग घरे. किल्लारीला आधी घराचे माप ठरले आणि धंद्याचा विचार नंतर आला, किंवा आलाच नाही.

आपल्या बाजारात

मुंबई २००२ च्या नकाशात तिसऱ्या पट्ट्यात आहे. शिवाय इथे इमारत पडायला भूकंप लागतोच असे नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी बिल्डिंग बसली आणि ३३ माणसे गेली, धरणीकंप काही झाला नव्हता. गिरगाव, भुलेश्वर, डोंगरी, परळच्या जुन्या पगडीच्या इमारतींत तळमजल्यावर दुकान आणि पोटमाळ्यावर माल, अशीच आपली रचना आहे. पोटमाळ्यावर वजन वाढवताना आपण दोन वेळा विचार करतो का, हे ज्याचे त्याने पाहावे. खांब कापून दुकान रुंद करणाऱ्यांविषयी आम्ही काय लिहावे?

विम्याविषयी अनेक व्यापारी विचारतात. त्यातल्या धार्मिक आक्षेपाच्या चर्चेत आम्ही इथे पडत नाही. ज्यांनी विमा उतरवला आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जुन्या आगीच्या पॉलिसीत भूकंप आपोआप येत नसे, वेगळा हप्ता भरून तो जोडून घ्यावा लागे, आणि पुष्कळांनी तो वाचवला. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी जी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आली, एका जागी पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेची, तीत भूकंप धरलेला आहे. आपली पॉलिसी कोणती ते एकदा कागद काढून बघावे. दुसरी गोष्ट मदनपुरा, धारावीच्या कारखानदारांसाठी: शेठचा कपडा, शेठचे चामडे आपण कामाला आणतो. तो दुसऱ्याचा माल पॉलिसीत तसा नोंदवलेला नसेल तर त्याची भरपाई मिळत नाही, आणि शेठ तर मागणारच.

चोपडीची नक्कल दुसऱ्या जागी असावी. पूर्वी हे जिकिरीचे होते, आता महिन्यातून एकदा पानांचे फोटो काढून गावाकडच्या भावाच्या फोनवर पाठवले तरी काम भागते. येणे कोणाकडे आणि देणे कोणाला, एवढे तरी.

आणि बाजारांच्या संघटनांना एक सूचना. कोणाकडे काय आहे याची यादी करून ठेवावी. मांडववाल्यांच्या ताडपत्र्या, नागदेवीच्या पहारी आणि दोर, लोहार चाळीचे दिवे, केबल आणि जनरेटर, दारुखान्याचे गॅस कटर आणि ते चालवणारी माणसे, कोणाचे ट्रक, कोणते ड्रायव्हर रात्री निघू शकतात. काँक्रीटखाली माणूस अडकला असता सळई कापणारा हात किती मोलाचा, हे दारुखान्यातल्या कारागिरांनाही कोणी सांगितलेले नाही. यादीत नावापुढे काय देणार यापेक्षा काय येते ते लिहावे. आमच्या त्या मांडववाल्याने किल्लारीहून परतल्यावर आपल्यापुरती अशी यादी केली होती, परळ ते भायखळ्यापर्यंतच्या सव्वीस मांडववाल्यांची, कोणाकडे किती ताडपत्री आणि किती माणसे. ती त्याच्या गोदामाच्या दाराला आतून चिकटवलेली असे. आता धंदा मुलगा पाहतो. मागच्या गणपतीत आम्ही गेलो तेव्हा विचारले. रंगकामात ती निघून गेली म्हणाला, पण बहुतेक नावे त्याला पाठ होती. आमच्यादेखत त्याने त्यांतली सतरा पुन्हा लिहून काढली.